शुक्रवारची दुसरी बाटली

आई शेजारच्या बाईंना सांगते, "माझी धाकटी कॉम्प्युटरमध्ये कॅन्सर वाढवते आणि तिथल्या तिथे मारते." शेजारच्या बाई विचारतात, "आणि मोठी?" आई म्हणते, "तीही तिथेच असते."

तेवीस वर्षं मी तिथेच असते. धाकटीला येऊन जेमतेम दोन झाली. तिला घरी आम्ही बारकी म्हणतो. आता ती माझ्यापेक्षा चार बोटं उंच आहे, चष्म्याचा नंबरही माझ्यापेक्षा मोठा आहे, पण नाव पडलं ते पडलं.

सरळच सांगते, मला बारकीचा हेवा वाटतो. लोक अशा वेळी 'छे, हेवा कसला, कौतुकच आहे' असं म्हणतात. कौतुक मलाही आहे, पण ते चारचौघांत दाखवण्यापुरतं. आत पोटात दुखतं ते वेगळंच. कुणाला वाटेल, मोठीने धाकटीसाठी शिक्षण सोडलं म्हणून दुखत असेल. आई तसं सांगते खरी. पण मी गणितात दोनदा नापास झाले, आणि वडील तेव्हा चांगले हिंडते-फिरते होते. बारकीने माझं काहीएक हिरावून घेतलेलं नाही. घेतलं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडायला काही सापडलं असतं.

आमची संस्था कॅन्सरच्या पेशींवर काम करते. माझी खोली तळमजल्यावर, बिनखिडकीची. दोन इनक्युबेटर, एक फ्रिज, एक सूक्ष्मदर्शक आणि हवा गाळणारं एक काचेचं कपाट, ज्यात कोपरापर्यंत हात घालून मी दिवसाचे चार तास बसते. समोर प्लेट असते, म्हणजे तळहाताएवढी प्लास्टिकची थाळी, तिच्यात करंगळीच्या नखाएवढे शहाण्णव खळगे. प्रत्येक खळग्यात पेशींचा एकेक गोळा वाढतो, मोहरीहून लहान. ज्या बाईच्या फुप्फुसातून या पेशी पहिल्यांदा काढल्या, ती जाऊन किती वर्षं झाली कुणास ठाऊक. तिच्या पेशी मात्र माझ्याकडे जेवायला आहेत. दर सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी मी त्यांना खुराक देते, म्हणजे लालसर पाणी. पेशींनी त्यातलं खाऊन संपवलं की ते पिवळं पडतं. खोलीच्या दारातून, नुसत्या रंगावरून मला कळतं की कोण उपाशी आहे. रोज सकाळी प्रत्येक गोळ्याची रुंदी मोजायची आणि वहीत लिहायची. संस्था शनिवार-रविवार बंद असते, तेवढे दोन रकाने रिकामे.

बारकी तिसऱ्या मजल्यावर बसते. तिला खिडकी आहे. तिने आजवर एकाही पेशीला हात लावलेला नाही. तिच्या पेशी म्हणजे पडद्यावरचे रंगीत ठिपके. प्रत्येक ठिपक्याला तिने नियम घालून दिले आहेत. खायला मिळालं तर दोन हो, गर्दी झाली तर थांब, उपासमार झाली तर झोप, फारच झाली तर मर. मग ती एक बटण दाबते आणि पाच आठवड्यांचं काम पाच मिनिटांत होतं. ठिपके वाढतात, त्यांचा गोळा होतो, गोळ्याच्या मधले ठिपके काळे पडतात. बघायला छान वाटतं, हे मी कबूल करते.

ठिपके खऱ्या पेशींसारखे वागतात की नाही हे ताडून बघायला तिला खरे आकडे हवे होते. ते माझ्याकडे होते. आठ वर्षांच्या वह्या तिने हातगाडीवर घालून वर नेल्या आणि तीन महिने बसून सगळे आकडे कॉम्प्युटरमध्ये भरले. वह्या लिफ्टमध्ये चढवल्या तेव्हा मला दहा मिनिटं अगदी कृतार्थ वाटलं.

मग तिने सगळ्यांना पडद्यावर खेळ दाखवला. आमचे विभागप्रमुख सर खुर्चीच्या टोकावर येऊन बसले होते. शेवटी ते माझ्याकडे वळून हसत म्हणाले, "ताई, आता प्लेटा कमी लागणार. तुम्हालाही जरा आराम." सगळी संस्था मला ताई म्हणते. नाकाला मिरच्या झोंबल्या, पण मी हसले. तेवीस वर्षांत मी आराम मागितला नव्हता. खाली येऊन मी स्वच्छ असलेलं कपाट पुन्हा पुसलं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी बारकी खाली आली. माझ्या खोलीत यायचं तर बूट काढा, डगला घाला, हात धुवा, म्हणून ती सहसा दारातूनच बोलते. त्या दिवशी सगळं करून आत आली आणि एक कागद माझ्यापुढे धरला. तिचे ठिपके आणि माझे गोळे यांचा एक ठिकाणी मेळ बसत नव्हता. तिचे गोळे दर सोमवारी जरा रोडावलेले दिसत. माझे गोळे दर सोमवारी फुगलेले असत, आणि मग आठवड्याच्या मध्याला सुस्तावत. आठ वर्षं, दर सात दिवसांनी एक लाट. ती म्हणाली, ठिपक्यांच्या पोटात एकेक घड्याळ बसवलं तर सगळं तंतोतंत जुळतं. म्हणजे या पेशींना सात दिवसांचा स्वतःचा ताल असावा. तसं असेल तर औषध कुठल्या दिवशी द्यायचं हे त्यावरून ठरवता येईल. तिचे कान लाल झाले होते. लहानपणी बक्षीस मिळालं की व्हायचे तसेच.

मला एका क्षणात कळलं. ती लाट पेशींची नव्हती, माझी होती.

नियमावलीत लिहिलं आहे की आठवड्यातून तीनदा अर्धं पाणी बदलावं. बारकीने ठिपक्यांना तसंच जेवू घातलं होतं. मीही सोमवारी आणि बुधवारी तसंच करते. शुक्रवारी करत नाही. मी नवी होते तेव्हा एका सोमवारी दार उघडलं तर चार प्लेटा पिवळ्याधमक पडल्या होत्या, निम्मे गोळे मेलेले. सरांच्या आधीचे साहेब मला नको नको ते बोलले. तेव्हापासून दर शुक्रवारी मी सगळं जुनं पाणी काढते आणि काठोकाठ नवं भरते. एरवी एक बाटली पुरते, शुक्रवारी दोन लागतात. दोन दिवस कुलूप असतं, त्यांना कोण बघणार? वहीत मी फक्त 'खुराक दिला' एवढंच लिहीत आले. किती ते कधी लिहिलं नाही, कारण कुणी कधी विचारलं नाही.

"ताई, तुला काही सुचतं का गं? असं का होत असेल?" बारकीने विचारलं.

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. तिने कपाळाला हात लावला असता, आम्ही दोघी हसलो असतो, दोन दिवसांत तिने ठिपक्यांची घड्याळं काढून टाकली असती. मी म्हणाले, "मला काय विचारतेस? मी गोळे मोजते. घड्याळं तुझ्या खात्यात."

ती गेल्यावर मला आनंद झाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे असं काही होतं जे तिच्याकडे नव्हतं.

महिन्याभराने एक समिती येणार होती. बारकीची नोकरी करारावरची. तिचं काम बघून तिला कायम करायचं की नाही हे समिती ठरवणार होती. सर म्हणत, ही लाट दाखवली की काम झालंच. आणि मी रोज भांडी घासताना, केस विंचरताना, एक प्रसंग मनात घोळवत असे. बारकी पडद्यापुढे उभी आहे, घड्याळं सांगते आहे, समिती माना डोलवते आहे. मग मागच्या रांगेत मी उठते. हात वर करून अगदी साध्या आवाजात विचारते, शुक्रवारच्या खुराकाचा हिशेब धरलाय का? सर माझ्याकडे बघतात, समिती माझ्याकडे बघते, आणि बारकी आपल्या कागदाकडे. यापुढे मी कधी जात नसे. तिची नोकरी जाईल, ती घरी येऊन रडेल, आई कासावीस होईल, हे सगळं मला दिसत होतं, पण मी तिकडे पाठ करून बसले होते.

समितीच्या आधीच्या शुक्रवारी बारकी पुन्हा आली. डगला घालून, हात धुऊन, माझ्या शेजारी स्टूल ओढून बसली. म्हणाली, कधी बघितलंच नाही तू कसं करतेस ते, आज बघते. मी सकाळीच सवयीने फ्रिजमधून दोन बाटल्या काढून कोमट व्हायला ठेवल्या होत्या. त्या दोन्ही तिच्या समोर होत्या.

मी काय केलं ते सांगायला मला आजही जड जातं. मी शुक्रवारी सोमवारसारखं वागले. अर्धं काढलं, अर्धं घातलं. शहाण्णव खळगे, मग दुसरी प्लेट, मग तिसरी. हात आपोआप जास्त काढायला जात होता आणि मी तो आवरत होते. बारकी माझ्या हाताकडे बघत होती. शेवटी पहिली बाटली संपली आणि मी दुसरी तशीच उचलून फ्रिजकडे निघाले.

"ही कशाला काढली होतीस?" तिने विचारलं.

"असू दे, जास्तीची."

तिने बाटलीकडे बघितलं. मग डगला काढून खुंटीला लावला आणि गेली.

तो शनिवार-रविवार मला घर खायला उठलं. रविवारी बारकी तिच्या भाड्याच्या खोलीवरून नेहमीसारखी जेवायला आली, आईने तिच्या पानात दोनदा वाढलं, मला विचारलंही नाही, आणि एरवी मी यावर मनातल्या मनात तासभर कुढले असते. त्या दिवशी मला फक्त प्लेटा दिसत होत्या. सोमवारी सर्वांच्या आधी जाऊन इनक्युबेटर उघडला. पाणी पिवळं झालं होतं. मेलं कुणी नव्हतं, पण गोळ्यांच्या कडा झिजल्या होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा जाणूनबुजून उपाशी ठेवलं होतं, तेही कुणाला तरी खड्ड्यात पाडायचं म्हणून. मला माझी शरम वाटली. तरी मी वर जाऊन बारकीला सांगितलं नाही. शरम एकीकडे आणि हेवा एकीकडे, दोघांचं एकमेकांशी बोलणंच नव्हतं.

मंगळवारी समिती आली. तीन माणसं, त्यातल्या एक बाई पांढऱ्या केसांच्या, सारख्या काहीतरी टिपून घेणाऱ्या. मी मागच्या रांगेत बसले. बारकी छान बोलली, तिला बोलता येतंच. ठिपके वाढले, गोळा झाला, मधोमध काळा पडला. मग तिने ती लाट दाखवली. आठ वर्षांच्या रेघा एकावर एक, आणि सगळ्यांना सोमवारी तोच उंचवटा. पांढऱ्या केसांच्या बाई पुढे वाकल्या. सर अभिमानाने इकडेतिकडे बघायला लागले.

मी उठले. ठरवून उठले असं नाही, पण पायांना महिनाभराचा सराव होता. हात अर्धा वर गेला. बारकीची नजर माझ्यावर पडली आणि ती एकदम थांबली. मग तिच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं, जसं बसमधून उतरल्यावर समोर आपलं माणूस दिसलं की पसरतं.

"ही लाट पेशींची नाही," बारकी म्हणाली. "ही एका माणसाच्या हाताची आहे. हे मला माझ्या ताईनं सांगितलं, नाहीतर मी आज तुमच्यासमोर तोंडावर पडले असते."

सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. मी हात वर करून उभीच होते, जणू कुणीतरी नाव पुकारलं आणि मी हजर म्हटलं.

बारकीने पुढचं चित्र लावलं. आठ वर्षांतले फक्त तीन आठवडे. त्यात लाट उलटी होती, गोळे सोमवारी रोडावलेले, तिच्या ठिपक्यांसारखे. तिने सांगितलं, या तीन आठवड्यांत प्लेटा दुसऱ्या कुणी सांभाळल्या होत्या, नियमाबरहुकूम. पेशीच्या पोटात घड्याळ असतं तर ते माणूस बदलल्यावर उलटं चाललं नसतं. मग तिने ठिपक्यांना शुक्रवारी दुप्पट खुराक दिला, घड्याळ वगैरे काही न बसवता, आणि बटण दाबलं. ठिपक्यांचे गोळे माझ्या गोळ्यांवर बरोबर जाऊन बसले. पांढऱ्या केसांच्या बाईंनी विचारलं की हे नियमावलीत का नाही. मला काहीतरी बोलणं भाग होतं. मी म्हणाले, "दोन दिवस कुलूप असतं. त्यांना भूक लागते." खोली हसली आणि मग टाळ्या वाजल्या. माझ्यासाठी पहिल्यांदाच. इतक्या नकोशा टाळ्या कुणाच्या वाट्याला आल्या नसतील.

दुपारी बारकी खाली आली, दारातच उभी राहिली. समितीने कायम करायची शिफारस केली होती. मी म्हटलं, ते तीन आठवडे तुला कसे सापडले? ती म्हणाली, तारखा बघून. आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, तू दवाखान्यात होतीस, ते आठवडे. मी पण होते की तिथे. तिला हे कळून तीन आठवडे झाले होते.

"मग मला का नाही विचारलंस?"

"विचारायला आले होते की. शुक्रवारी. दुसरी बाटली बघितली तेव्हा कळलं, शुक्रवारी तू दुप्पट घालतेस आणि मला सांगत नाहीस, आणि वाटलं, ताई मला पडू देणार. रडले मी त्या दिवशी. पण आज तू उठलीस ना, तेव्हा इतकं बरं वाटलं मला. म्हटलं, शेवटी सांगायला उठलीच. म्हणून तुझं नाव घेतलं."

इथे गप्प बसले असते तर सगळं निभावलं असतं. ती हसत होती, नोकरी पक्की झाली होती, माझं नाव झालं होतं. पण सोमवारच्या त्या पिवळ्या प्लेटा अजून इनक्युबेटरमध्ये होत्या आणि मला आणखी कुणाला फसवायचं त्राण उरलं नव्हतं.

"मी सांगायला उठले नव्हते," मी म्हटलं. "तू घड्याळाचं बोलशील आणि मग मी सगळ्यांसमोर विचारीन, असं ठरवलं होतं. महिनाभर."

बारकीचं हसू लगेच गेलं नाही, त्याला जायला वेळ लागला. तिने विचारलं, "का?"

"मला तुझा हेवा वाटतो."

"कशाचा?"

मला वाटलं होतं यादी मोठी निघेल. खिडकी, खुर्ची, गणित, आईने दोनदा वाढलेलं पान. तोंडातून निघालं ते एवढंच, की आई तुझ्याबद्दल बोलते तेव्हा तिला पुढचं वाक्य सापडतं.

ती गेली. त्यानंतर अकरा दिवस माझ्याशी बोलली नाही. रविवारी घरीही आली नाही, काम आहे असं आईला फोनवर कळवलं. मी तिच्या जागी असते तर अकरा वर्षं बोलले नसते, हेही सांगून टाकते.

बाराव्या दिवशी, शुक्रवारीच, ती खाली आली. डगला घातला, हात धुतले, वही उघडली आणि पेन माझ्या हातात दिलं. रुक्ष आवाजात म्हणाली, "नेमकं किती घालतेस ते लिही. दर वेळी." मी दुसरी बाटली उघडली, काठोकाठ भरत गेले, आणि प्रत्येक प्लेटचा आकडा लिहिला. ती शेवटच्या खळग्यापर्यंत बसून होती. जाताना म्हणाली, "आईला खरं सांगायचं नाही. तिला मी माझ्या पद्धतीने सांगितलंय. ती कौतुक करील आणि तू ऐकायचंस."

आता रविवारी आम्ही तिघी जेवायला बसतो. शेजारच्या बाई हटकून डोकावतात आणि आई त्यांना पहिल्यापासून सगळं सांगते. धाकटी चुकणार होती, मोठीने बरोबर वेळेला उठून तिला सावरलं, मोठी नसती तर धाकटीची नोकरी गेली असती. आता माझ्याबद्दल आईकडे खूप वाक्यं आहेत. बारकी समोर बसून मान डोलवते, एखादी गोष्ट आई विसरली तर भरही घालते. आई माझ्या पानात दुसऱ्यांदा वाढते. मी ते सगळं संपवते.